रिकाम्या चुलीचा धूर

हट्टा गाव सोडलं त्या सकाळी घरात शिजवायला काही नव्हतं, तरी मायनं चूल पेटवली. कापसाच्या तीन ओल्या पऱ्हाट्या आत सारल्या, वर पाण्याचं भगुणं ठेवलं, अन् फुंकणीनं फुंकून एवढा धूर केला की माझा धाकटा भाऊ किसना, अंगावर पिणारं लेकरू ते, खोकून खोकून लाल झालं. बा बाहेर घोंगड्यांचं गाठोडं बांधून राहिला होता. तो ओरडला, "अगं, गाव सोडून चाललो आपण, आता कुणासाठी धूर करतीस?" माय म्हणाली, "गावासाठीच. उपाशी निघाले म्हनतील." धूर छपरातून वर निघाला, चार घरांना दिसला, तेव्हा कुठं तिनं भगुणं उतरवलं, पाणी ओतून दिलं अन् दाराला कडी घातली.

धुरपे, तू माझ्या चुलत्याची लेक. आपण दोघी एका वयाच्या, तेव्हा दहाच्या. तू वेशीपर्यंत सोबत आली होतीस. तू इचारलं होतंस, "न्याहारीला काय केलं व्हतं?" मी म्हणलं, "थालीपीठ." तू म्हणलीस, "मला न्हाई दिलंस व्हय गं, लबाडे!" अन् रुसून मागं फिरलीस. तो धूर खोटा होता अन् ते थालीपीठबी खोटं होतं. आठ वर्षांनी सांगून राहिले, आता तरी रुसवा सोड.

परवा तुझं कार्ड आलं. तुझ्या नवऱ्यानं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं दिसतं. आमच्या ह्यांनी वाचून दाखवलं. तू म्हणतेस, आमचं सगळं बरं हाय, पोटापाण्याची काही तकलीफ न्हाई, नुसतं हिंगोलीला येऊन ऱ्हावं म्हणतो, शहर कसं हाय, काम मिळतं का, कळव. मी ते दोनदा वाचून घेतलं. मग म्हणलं, बसा, लिहा. मी बोलते, हे लिहितात. बाजारात कापसाच्या काट्यावर ह्यांना लिहावं लागतं, म्हणून अक्षर बरं आहे. माझं बोलणं जरा साफ करून लिहितात, करू दे. पण काही गाळलं तर मला कळतं, मी बोटानं ओळी मोजते.

आता तुला आठवतं का बघ. गाव सोडायच्या वर्षभर आधीची गोष्ट. तुमच्याकडं बायका जमल्या होत्या, काहीतरी ओटी-बिटीचं होतं. काकीनं मला सहज इचारलं, "जेवलीस का गं, भागे?" अन् मी खरं सांगितलं. म्हणलं, "न्हाई, काल दुपारपासून न्हाई." सगळ्या बायका हसल्या. काकी म्हणाली, "काहून गं, तुझी माय तुला जेवू घालत न्हाई?" मायबी हसली. चांगली हसली ती. घरी आल्यावर दाराला आतून कडी घातली, चुलीतली फुंकणी उचलली अन् माझ्या उजव्या दंडावर टेकवली. मारली न्हाई, टेकवली. तापलेलं लोखंड होतं ते. म्हणाली, "कुनी इचारलं जेवलीस का, तर काय म्हनायचं?" मी म्हणलं, "व्हय." म्हणाली, "अजून एकडाव." मी रडत रडत व्हय, व्हय म्हणत राहिले. मग तिनंच दंडाला तूप... तूप कुठून, पाणी लावलं अन् पदरानं माझं नाक पुसलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळा," असं म्हणाली.

हे म्हणतात, आईबद्दल असं लिहू नये. लिहा म्हणलं. दंड माझा आहे.

तेव्हा आमची मेंढरं गेलेली होती. एका पावसाळ्यात रोग आला अन् साठांतलं एकबी उरलं न्हाई. तुमच्या वाटणीची तुमच्या बापानं आधीच विकून जमीन धरली होती, तुमी वाचलात. आमचा बा मात्र मेंढराशिवाय काही जाणत नव्हता. दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणं त्याला मरणापेक्षा वाईट. म्हणायचा, "ज्या गावात मी साठ मेंढरांचा धनी व्हतो तितं खुरपं घेऊन कसा बसू?" म्हणून आमी निघालो. भुकेनं न्हाई निघालो, धुरपे, लाजेनं निघालो. हिंगोलीत कुणी ओळखत न्हाई, तिथं काय करायचं ते करू, असं त्याचं म्हणणं.

वाटेत औंढ्याला मुक्काम झाला. देवळाच्या बाजूला कुणा यात्रेकरूनं अन्नदान घातलं होतं, वरणभाताचा वास पार वेशीपर्यंत. मी बाचा हात ओढत होते. त्यानं झटका देऊन हात सोडवला. "पंगतीत बसायला आपन काय भिकारी हाव?" नागनाथापुढं तिघं उभे राहिलो, किसना मायच्या कडेवर. एका म्हातारीनं त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, तो परसाद म्हणून चालला. त्या तुकड्याचे मायनं चार भाग केले. देवाच्या दारात आमची अब्रू वाचली, पोट मात्र तसंच राहिलं.

हिंगोली म्हणजे काय ते तुला सांगते. गावात कापसाच्या जिना आहेत. जिन म्हणजे मोठं पत्र्याचं शेड, आत रेचे ओळीनं लावलेले, कापूस एकीकडून घालायचा, सरकी खाली पडते अन् रुई पुढं जाते. आवाज असा की माणूस घरी आला तरी तासभर ओरडूनच बोलतो. बाला रेच्यावर काम मिळालं. माय बायकांच्या ओळीत बसून कापसातली पत्ती अन् किडकी कवडी वेचायची. जिनच्या मागं कामगारांच्या खोल्यांची ओळ होती, एक खोली आमाला मिळाली. एका भिंतीपलीकडं ठकूबाई राहायची, विधवा, दोन लेकरांची माय, तोंडानं भलती फटकळ. पहिल्याच दिवशी मायला म्हणाली, "मीठ असलं तं दे, न्हाईतं न्हाई म्हन, तोंडाकडं काय बघतीस?" मायनं अर्धं मीठ दिलं अन् आत येऊन म्हणाली, "काय बाई हाय, मागती कशी खुशाल!"

दिवाळीपासून चैत्राच्या पाडव्यापर्यंत बरं चालायचं. रोज भाकरी, बाजाराच्या दिवशी गूळबी. बाच्या भुवया, मिशा, कानातले केस सगळे रुईनं पांढरे होऊन यायचे अन् किसना त्याला ओळखायचाच न्हाई, भोकाड पसरायचा. आमी हसायचो. हे तुला मुद्दाम सांगते, न्हाईतर तू म्हणशील सगळं वाईटच होतं. ते पाच महिने आमी घरातली माणसं होतो.

पाडव्यानंतर जिन बंद. कापूस संपला की काम संपलं, मालक काही घरी बसवून पगार देत न्हाई. बा टेसनावर गाठी चढवायला जायचा, पण हमाल शंभर अन् गाठी दहा. आठवड्यातून एखादा दिवस हाताला काम. त्यात लढाई सुरू झालेली, कुठं ते देव जाणे, पण आमच्या ताटातली ज्वारी तिकडं गेली. बाजारात दाणाच दिसेना. दिसला तर आमच्या हाताला लागेना. गावाकडं असतं तर तांदुळजा, पाथरी, शेताच्या बांधावरचं काहीतरी मिळालं असतं. शहरात बांधच न्हाई. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेव.

अन् माय रोज सकाळी चूल पेटवायची. शपथ घेऊन सांगते, एक दिवस चुकवला न्हाई. जिनच्या कचऱ्यातून पऱ्हाट्या आणायची, भगुण्यात पाणी ठेवायची, धूर करायची. कोपऱ्यात मडक्यांची उतरंड रचलेली, पाच मडकी, खालच्यात थोड्या कण्या अन् वरच्या चारांत वारा. रोज ती मडकी पुसायची. घरात न्हाई दाणा अन् मला हवालदार म्हणा! आग लागो त्या अब्रूला.

दुसऱ्या वर्षीच्या आषाढात शहरातल्या व्यापाऱ्यांनी एक मंडळ काढलं. ज्या घरात खरंच काही न्हाई त्या घराला चिठ्ठी द्यायची अन् चिठ्ठीवर दर आठवड्याला स्वस्तात ज्वारी. मंडळाचा मुन्शी घरोघर येणार होता, कोण गरीब ते बघायला. ठकूबाईनं आदल्या दिवशी ओळीतल्या सगळ्यांना सांगितलं, "खरं खरं सांगा गं, लाजू नका, उद्या लाजलात तं पोळ्याला लेकरांना माती खाऊ घालाल." माय ऐकून घेत होती. त्या वेळेला किसना तीन वर्षांचा होता अन् चालायचा बंद झाला होता. पायावर सूज होती. रडायचाबी न्हाई, नुसता बघायचा. मायला सगळं कळत होतं. मला वाटलं उद्या ही सांगणार.

सकाळी बा टेसनावर गेला. मायनं खोली सारवली, ठेवणीतलं लुगडं नेसली, माझी वेणी घातली. अन् चूल पेटवली. मुन्शी आला तेव्हा खोलीभर धूर होता अन् भगुणं रटरटत होतं. पातळसा माणूस, हातात वही, डोळे धुरानं चोळत दारात उभा राहिला. आधी ठकूबाईकडं जाऊन आला होता. तिच्या बोलण्याचा आवाज आमाला भिंतीतून ऐकू आला होता, "बघा सायेब, मडकी पालथी घाला, मुंगीबी बाहेर पडायची न्हाई!" तिला चिठ्ठी मिळाली होती.

त्यानं मायला इचारलं, "खाणारी तोंडं किती?"

"चार."

"कमावते हात?"

"दोघं हाव की. हे टेसनावर जात्यात."

"घरात दाणागोटा?"

मायनं पदर सावरला अन् म्हणाली, "देवाच्या किरपेनं हाय." तोंडातून आपोआप निघालं ते. जन्मभर तेच म्हणत आलेली.

मुन्शी लिहिता लिहिता थांबला. किसनाकडं बघत होता. वाईट माणूस नव्हता, धुरपे, हे मी आजबी म्हणेन. तो खाली बसला, माझ्या तोंडापाशी तोंड आणलं अन् म्हणाला, "मोठी माणसं इथं दोन्हीकडून खोटं बोलतात. कुणी असून न्हाई म्हणतं, कुणी नसून हाय म्हणतं. लेकरं खोटं बोलत न्हाईत. तू सांग बेटा, आज काय जेवलीस?"

मी मायकडं बघितलं. तिची पाठ माझ्याकडं होती. चुलीपाशी बसून फुंकणीनं फुंकत होती. तीच फुंकणी. तिनं मान वळवली न्हाई. एकदा वळवली असती तर!

मी म्हणलं, "ज्वारीची भाकरी, तुरीचं वरन अन् वर तूप." त्याचा चेहरा बघून वाटलं अजून काहीतरी पाहिजे, म्हणून म्हणलं, "अन् दूध. आमची गावाकडं साठ मेंढरं हायेत."

ठसक्यात बोलले मी. अन् मायनं शिकवलं होतं तसा एक ढेकर दिला.

मुन्शी हसला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला, वहीत काहीतरी खोडलं अन् पुढच्या घरी गेला. धूर बाहेर जाऊन खोली मोकळी झाली. मायनं भगुणं उतरवलं, त्यातलं गरम पाणी एका वाटीत घेऊन किसनाला घोट घोट पाजलं. मी वाट बघत होते की ती म्हणेल, शहाणी गं माझी बाय.

पुढचं थोडक्यात सांगते, ह्यांचा हात दुखायला लागला म्हणतात. खोटं आहे, हात न्हाई दुखत, डोळे पुसतात. किसना पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी गेला. कसा गेला तेबी कळलं न्हाई. माय म्हणाली "झोपलाय", अन् दुपारपर्यंत झोपलाय म्हणत राहिली. बानं त्याला आपल्या घोंगडीत गुंडाळलं, एवढंसं गाठोडं झालं, अन् ओढ्यापलीकडं पुरून आला.

मयताच्या घरात चूल पेटवत न्हाईत, तुला ठाऊकच आहे. शेजाऱ्यांनी कडू घास आणायचा. हिंगोलीत आल्यापासून पहिल्यांदाच आमच्या खोलीतून धूर निघाला न्हाई. अन् भाकरी आली. ठकूबाईनं टोपलीभर भाकरी अन् पिठलं आणलं, पलीकडच्या खोलीतून कुणी भात आणला, कुणी कांदा. चिठ्ठीवरच्या ज्वारीच्या भाकरी होत्या त्या. आमी जेवलो. बा जेवला, माय जेवली. मी चार भाकरी खाल्ल्या धुरपे. माझ्या भावाला पुरून आलेल्या बापाच्या शेजारी बसून, कालवून कालवून, बोटं चाटून खाल्ल्या. महिन्यानंतर पोट भरलं होतं. अन् मला खरा ढेकर आला, सगळ्यांच्या देखत.

ठकूबाई माझ्याकडं बघत राहिली. मग उठली, आमच्या कोपऱ्यात गेली अन् उतरंडीची मडकी एक एक करून उचलून बघितली. पाचवं खाली ठेवलं अन् मायपुढं येऊन बसली. "रोज धूर निघत व्हता की गं तुमच्या घरातून," एवढंच म्हणाली. "म्या म्हनायची, हिच्याकडं शिजतंय, हिला काय द्यायचं. भिंतीला भिंत व्हती गं, मेले!" अन् तिनं मायच्या न्हाई, स्वतःच्याच तोंडात दोन थपडा मारून घेतल्या.

चार दिवसांनी तीच मुन्शीला हाताला धरून घेऊन आली. तो दारातच उभा राहिला, आत आला न्हाई. त्यानं वही उघडली, इचारलं, "खाणारी तोंडं?" माय म्हणाली, "तीन." त्यानं चाराचे तीन केले अन् चिठ्ठी दिली. मला काही इचारलं न्हाई. माझ्याकडं बघितलंबी न्हाई.

पहिली ज्वारी आली तेव्हा माय जात्यावर बसली अन् मी समोर खुंट्याला हात लावून. दळता दळता ती म्हणाली, अगदी हळू, "त्या दिशी म्या पाठ केली व्हती. माझ्यानं बोलवंना. म्हनलं, पोरगी तरी खरं सांगंल."

मी जात्यावरचा हात काढला अन् उजवा दंड तिच्यापुढं धरला. डाग तेव्हा चांगला काळा होता. तिनं बघितलं. मग मान खाली घालून एकटीच दळत राहिली. आजवर त्यावर आमी बोललो न्हाई. मी तिला माफ केलं का म्हणून इचारशील तर, न्हाई. अन् तिनं मला केलं का, ते मला ठाऊक न्हाई. एका घरात राहतो.

बा पुढं दोन वर्षांनी खोकून खोकून गेला, रुई छातीत बसली होती. मी त्याच जिनमध्ये कवडी वेचायला लागले, अजून वेचते. ठकूबाईनंच माझं लग्न जुळवलं, हे आमच्याच खोलीत राहायला आले. औंदा राज्य बदललं, झेंडा बदलला, मिरवणूक आमच्या ओळीपुढून गेली, आमी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाडव्याला जिन आपली बंद होते ती होतेच. शहर कसं हाय, काम मिळतं का, असं इचारलं होतंस ना? पाच महिने काम हाय, सात महिने वाट बघणं हाय. गावात माणूस भुकेला असला तर गावाला वास तरी लागतो. इथं दारावरून माणसं जातात अन् तुझा धूर बघून खुशाल होतात.

अन् तुझं कार्ड. "आमचं सगळं बरं हाय, पोटापाण्याची तकलीफ न्हाई." धुरपे, मला शिकवतीस? हट्ट्याहून इकडं येणारी बाया-माणसं बाजारात भेटतात. तुमचं जमिनीचं काय झालं, तुझं लेकरू कसं दिसतंय, मला सगळं कळलंय. नुसतं शहर बघायला कुणी तान्हं घेऊन घर मोडत न्हाई. तूबी ओल्या पऱ्हाट्या सारून राहिलीस, मला इथून दिसतोय तो धूर.

तर ये. आमची एकच खोली आहे, पण भिंतीपलीकडं ठकूबाई आहे अन् भिंतीला आमी एक भोक पाडलंय, वाटी जाईल एवढं. कुणाच्या घरी काय शिजलं, काय न्हाई शिजलं, ते दोन्ही घरांना कळतं. हट्टा माझं गाव खरं, पण घर म्हणशील तर आता मला हे भोकच घर वाटतं. चूल आमी शिजवायचं असेल तरच पेटवतो. मायला ते अजून जमत न्हाई. मी कामावर गेले की ती पाणी ठेवून बसते. मी येऊन भगुणं उतरवते.

रोज मी आले की ती इचारते, "जेवलीस का?" अन् मी रोज म्हणते, "न्हाई." जिनमधी भाकरी खाऊन आले असले तरी न्हाई म्हणते. मग ती आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढं सरकवते अन् मी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत खाते. ती बघत बसते. हे म्हणतात हा छळ आहे. असेल.

तू येशील तेव्हा माय दारातच बसलेली असंल. तुलाबी तेच इचारील, जेवलीस का म्हणून. आधी कडेवरच्या लेकराकडं बघ, अन् मग काय सांगायचं ते सांग.